मॉड्युल २ चा गिअर कटर सेट आणि बीएस-० डिव्हायडिंग हेड: घरी गिअर कापणाऱ्यांसाठी सविस्तर रिव्ह्यू

मॉड्युल २ (मॉड्युल म्हणजे दात्याच्या साइजचा मिमीतला आकडा), २० अंशाचा, ८ गिअर कटरचा एचएसएस (हाय स्पीड स्टील) सेट आणि त्याच्यासोबत बीएस-० साइजचं डिव्हायडिंग हेड (जॉब समान भागांत फिरवून थांबवणारं साधन) असं दोन्ही ऑनलाइन मागवलं, दोन्ही धुळ्याला धड पोचलं, आणि आता ह्याच सेटने कापलेले ३७ आणि ४७ दात्यांचे गिअर माझ्या लेथवर रोज फिरतायत, म्हणून लिहितोय. आधीच सांगतो, कटर चांगले आहेत, डिव्हायडिंग हेड कामाचं आहे पण आल्या आल्या त्याच्यावर हात फिरवावा लागतो, आणि दोघांसोबत जो कागद येतो त्याच्यावर अजिबात अवलंबून राहू नका. गिअरचा सगळा हिशोब आपला आपण करायचा. तो हिशोब येत असेल तर हे पैसे वसूल आहेत, नसेल तर पेटी कपाटात पडून राहील, म्हणून रिव्ह्यूमधेच सगळा हिशोब पण देतोय.

गरज काय होती ते सांगतो. लेथ जुना आहे, लीडस्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू) ४ टीपीआयचा, म्हणजे इंचाला ४ आटे, इंचातला. आपल्याकडे कामं काय येतात, मोटारीचे शाफ्ट, पेरणी यंत्राचे बोल्ट, ड्रिपच्या फिल्टरचे स्टड, आणि आता सगळे आटे मिलिमीटरमधेच असतात. इंचाच्या लीडस्क्रूवर मिमीचे आटे पाडायचे तर मधे एक बदली गिअर (स्पिंडल आणि लीडस्क्रूच्या मधे काढून-घालून बदलायचा) लागतो, आणि तो माझ्या लेथसोबत नव्हताच. बाहेरून करून घ्यायचा म्हटलं तर अवधान एमआयडीसी असो की जळगावची, पहिला प्रश्न एकच, सॅम्पल आणलंय का? जुना तुटका गिअर दिला तर त्याच्यावरून करून देतात आणि चांगलं करून देतात, त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही, पण जो गिअर आधी कधी नव्हताच त्याचं सॅम्पल कुठून आणणार? तिथे कागदावरचे आकडे हेच सॅम्पल. आणि आकडे स्वतः काढायचेच आहेत, घरी छोटी मिलिंग पण आहे, तर मग कापू पण घरीच, असं ठरलं.

पुस्तकी उत्तर १२७ दात्यांचा गिअर. १ इंच म्हणजे २५.४ मिमी, त्याची ५ पट १२७, म्हणून १२७ चा गिअर लावला की इंचाचं मिमी अगदी पूर्ण जुळतं, काही फरक उरत नाही. पण मॉड्युल २ मधे १२७ दात्यांचा गिअर बाहेरून २५८ मिमीचा होतो, माझ्या लेथच्या गिअरच्या झाकणात तो मावतच नाही. शिवाय १२७ ही मूळ संख्या आहे, तिला कशानेच भाग जात नाही, त्यामुळे ४० ला १ च्या (हँडलच्या ४० फेऱ्यांना स्पिंडलची १ फेरी) साध्या डिव्हायडिंग हेडवर जी भोकांची प्लेट मिळते तिच्यावर १२७ पाडता येत नाहीत, त्याला डिफरन्शियल इंडेक्सिंगवालं (भोकांची प्लेट पण गिअरने फिरते असं) मोठं युनिव्हर्सल हेड लागतं आणि बीएस-० मधे ती सोय नाही. हे ऑर्डर करायच्या आधी बघा, कारण विकणारे "सगळे दाते पडतात" असं बिनधास्त लिहितात.

मग ३७ आणि ४७ ची जोडी. ४७ भागिले ३७ म्हणजे १.२७०२७, पाहिजे १.२७ (१२७ भागिले १००). फरक ०.०२१ टक्के, म्हणजे १०० मिमी लांबीच्या आट्यात ०.०२ मिमीच्या आसपास. बोल्ट-नटच्या कामात हा फरक कुठेच जाणवत नाही, मोजायच्या यंत्राचा स्क्रू करायचा असेल तर मात्र चालणार नाही. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे ३७ आणि ४७ ही दोन्ही भोकांची वर्तुळं बीएस-० च्या तिसऱ्या प्लेटवर तयारच असतात. दोन्ही गिअर लहान, दोन्ही पडतात, दोन्ही झाकणात मावतात, अजून काय पाहिजे!

आता ऑर्डर करायच्या आधीचं सगळ्यात महत्त्वाचं काम, आपल्या मशीनचे गिअर नक्की कुठल्या मॉड्युलचे आहेत ते काढणं. हे न करता सेट घ्यायचाच नाही. पद्धत सोपी आहे, बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजा, दाते मोजा, दात्यांत २ मिळवा आणि व्यासाला त्याने भागा. माझा ४० दात्यांचा गिअर ८३.९ भरला, भागिले ४२, आले १.९९८, म्हणजे मॉड्युल २. बाहेरचा व्यास नेहमी थोडा कमीच भरतो, टोकं झिजलेली असतात आणि मुळात टर्निंग पण जरा खालच्या अंगाने केलेलं असतं, त्यामुळे १.९९ वगैरे आलं तर घाबरायचं नाही. पण समजा ३२ दात्यांचा गिअर ७१.९ भरला, भागिले ३४, तर २.११५ येतं, आणि हे मॉड्युल २ नाही, हा १२ डीपीचा इंचातला गिअर आहे (डीपी म्हणजे मॉड्युलसारखंच दात्याच्या साइजचं माप, पण इंचातलं). डीपीचं मॉड्युल काढायचं तर २५.४ ला डीपीने भागा, २५.४ भागिले १२ म्हणजे २.११७. मॉड्युल २ चा गिअर ३२ दात्यांना ६८ मिमीचाच असतो. दिसायला दाते सारखेच दिसतात, हातात घेऊन कोणी सांगू शकणार नाही, पण जोडी लावली की एकतर अडकते नाहीतर आवाज करते.

मॉड्युल जुळलं म्हणजे काम संपलं नाही, प्रेशर अँगल (दात्याच्या बाजूचा उतार ठरवणारा कोन) पण बघावा लागतो. नवीन गिअर बहुतेक २० अंशाचे, जुन्या इंग्लिश-अमेरिकन पद्धतीच्या मशीनवर साडेचौदा अंशाचे खूप सापडतात, मायफोर्डच्या एमएल-७ लेथचे बदली गिअर २० डीपी साडेचौदा अंशाचे आहेत, साउथ बेंडच्या ९ इंचीचे १८ डीपी साडेचौदाचे. मॉड्युल तेच असलं तरी साडेचौदाचा गिअर २० अंशाच्या सोबत नीट चालत नाही. हे ओळखायला महागडं काही लागत नाही, साधा व्हर्निअर पुरतो. व्हर्निअरच्या दोन जबड्यांत ४ दाते धरून माप घ्या, मग तिथेच ५ दाते धरून माप घ्या, आणि दोघांची वजाबाकी करा. मॉड्युल २ आणि २० अंश असेल तर फरक ५.९० मिमी येतो, मॉड्युल २ आणि साडेचौदा असेल तर ६.०८ येतो, १२ डीपी साडेचौदा असेल तर ६.४४. हा फरक म्हणजे पाय (π, ३.१४१६) गुणिले मॉड्युल गुणिले कोसाइन प्रेशर अँगल, बस एवढंच आहे. गंमत म्हणजे दाते थोडे झिजलेले असले तरी दोन्ही मापांत झीज सारखीच येते आणि वजाबाकीत उडून जाते, त्यामुळे जुन्या गिअरवर पण उत्तर बरोबर मिळतं. मला अख्ख्या विषयात ही युक्ती सगळ्यात जास्त आवडते, ज्याच्या हातात व्हर्निअर आहे त्याने एकदा करून बघाच. माझे ५.९ आले आणि मगच २० अंशाचा सेट टाकला.

आता चकतीची, म्हणजे दाते कापायच्या आधीच्या गोल तुकड्याची मापं. ४७ दात्यांचा गिअर, पिच व्यास (दोन गिअर जिथे एकमेकांना टेकून फिरतात असं धरतो त्या वर्तुळाचा) ४७ गुणिले २ म्हणजे ९४, बाहेरचा व्यास ४९ गुणिले २ म्हणजे ९८, दात्याची पूर्ण खोली २.२५ गुणिले २ म्हणजे ४.५ मिमी. ३७ चा गिअर, पिच ७४, बाहेरून ७८, खोली तीच ४.५, कारण खोली दात्यांच्या संख्येवर नसते, फक्त मॉड्युलवर असते. इथे एक सांगतो, मोबाइलवरची काही कॅल्क्युलेटर खोली २.१५७ ने काढतात, ती जुनी साडेचौदा अंशवाली पद्धत, तिने ४.३१ येते. आताच्या २० अंशाच्या मॉड्युल कटरला २.२५ धरा. दोन गिअरच्या सेंटरमधलं अंतर पाहिजे असेल तर दोघांचे दाते मिळवा, मॉड्युलने गुणा, निम्मं करा. बदली गिअरच्या पट्टीवर सेंटर सरकवता येतं म्हणून मला ते लागलं नाही, पण फिक्स सेंटरच्या गिअरबॉक्ससाठी करणार असाल तर सुरुवातच तिथून करा.

माल ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) चा १०० मिमीचा राउंड घेतला, दुकानदाराने हॅक्सॉ मशीनवर चकत्या कापून दिल्या. बीड पण चालतं, कापायला सोपं आणि आवाज कमी करतं, पण इकडे त्या साइजचा चांगला बिनछिद्राचा बिडाचा राउंड पटकन मिळत नाही. चकती टर्न करताना बोअर (मधलं भोक) आधी पूर्ण करा आणि बाहेरचा व्यास ज्या मँड्रेलवर (बोअरमधे घालून चकती धरायचा दांडा) दाते कापणार आहात त्याच मँड्रेलवर फिनिश करा. नाहीतर चकती डगडगते आणि एका बाजूचे दाते खोल, दुसऱ्या बाजूचे उथळ होतात, आणि मग कटरला शिव्या पडतात.

आता सेट. लाकडी पेटीत ८ कटर, प्रत्येकावर मॉड्युल, २० अंश, नंबर आणि किती ते किती दाते हे कोरलेलं. एका मॉड्युलला ८ कटर का लागतात, तर दात्यांची संख्या बदलली की दात्याच्या पोटाचा गोलवा बदलतो, कमी दात्यांचा जास्त गोल, जास्त दात्यांचा सरळ होत जातो, आणि रॅकवर (सरळ पट्टीवरचे दाते) एकदम सरळ. प्रत्येक संख्येला वेगळा कटर करणं परवडत नाही म्हणून ८ टप्पे केलेत. माझ्या सेटमधे १ नंबर १२-१३ दात्यांना, २ नंबर १४ ते १६, ३ नंबर १७ ते २०, ४ नंबर २१ ते २५, ५ नंबर २६ ते ३४, ६ नंबर ३५ ते ५४, ७ नंबर ५५ ते १३४, आणि ८ नंबर १३५ पासून रॅकपर्यंत. आणि इथेच सगळ्यात मोठा धोका आहे, कारण इंचातल्या डीपी कटरचे नंबर बरोबर उलटे असतात, तिथे १ नंबर म्हणजे १३५ ते रॅक आणि ८ नंबर म्हणजे १२-१३. सेटसोबत जो कागद आला त्याच्यावर हा उलटा तक्ता छापलेला होता, म्हणजे कटर मेट्रिक आणि कागद डीपीचा. त्या कागदावर विश्वास ठेवला असता तर ४७ साठी ३ नंबर काढला गेला असता जो खरं तर १७ ते २० दात्यांचा आहे. त्यामुळे नंबर विसरा, कटरवर कोरलेली दात्यांची रेंज वाचा, ती कधी फसवत नाही. विकणाऱ्याला मी हे कळवलंय, बघू पुढच्या पेट्यांत कागद बदलतात का.

प्रत्येक कटरचा आकार त्याच्या रेंजमधल्या सगळ्यात कमी दात्यांसाठी असतो, म्हणजे ६ नंबर खरा ३५ दात्यांसाठी बनवलेला. ३७ ला तो जवळपास तंतोतंत बसतो, ४७ ला दात्याचं टोक किंचित जास्त गोल होतं. लेथच्या बदली गिअरला हे चालून जातं, फिरण्याचा वेग कमी असतो. जास्त स्पीडच्या गिअरबॉक्ससाठी असा गिअर करू नका, ते काम हॉबिंग मशीनचं (गिअर सलग फिरवत दाते कापणारं). १७ च्या खालचे दाते पण जरा सांभाळून, २० अंशाला १७ च्या खाली दात्याच्या बुडाशी माल खाल्ला जायला लागतो, दाता मुळाशी बारीक होतो.

बघा, ३७ आणि ४७ दोन्हीला एकच ६ नंबर लागला. फक्त हेच दोन गिअर करायचे असतील तर पूर्ण सेट घ्यायची गरजच नाही, सुटा ६ नंबर घ्या, बरेच पैसे वाचतील. मला पुढे २०, २४, २८ दात्यांचे पण करायचेत, त्याला ३, ४, ५ नंबर लागतील, म्हणून मी सेट घेतला.

कटरची क्वालिटी चांगली निघाली. धार एकसारखी, आर्बरवर (कटर धरणारा दांडा) बसवून डायल लावला तर थोडा रनआऊट (फिरताना डगडग) आहे, एक-दोन दाते जास्त खातात आणि तसा आवाज पण येतो, पण कापलेल्या दात्यावर त्याचं काही दिसलं नाही. भोक २२ मिमी, चावी ६ मिमी. एका कटरच्या भोकाला बर (कडेला राहिलेली धातूची बारीक धार) होती ती बारीक ऑइलस्टोनने काढली. आर्बर सोबत येत नाही! हे नीट वाचून घ्या, फोटोत आर्बर दिसतो पण तो पेटीत नाही. मी घरीच टर्न केला, चावीचा गाळा पाडला. व्हर्टिकल मशीन असेल तर आर्बर लांब ठेवा, कारण कटर चकतीच्या सेंटरपर्यंत खाली उतरला पाहिजे आणि स्पिंडलचं नाक चकतीला लागता कामा नये. स्पीडचा हिशोब, कटर साधारण ६० मिमीचा आणि ईएन-८ ला २० मीटर प्रति मिनिट धरले तर १०६ आरपीएम येतात, मी १०० च्या आसपास चालवला, सोल्युबल ऑइल भरपूर सोडलं. धार गेली तर फक्त पुढची सपाट बाजू ग्राइंड करायची आणि ती पण बरोबर सेंटरच्या दिशेने, मग दात्याचा आकार शेवटपर्यंत तसाच राहतो. बाजूने चुकूनही घासू नका.

आता डिव्हायडिंग हेड. ४० फेऱ्यांना स्पिंडलची १ फेरी, ३ प्लेट, पहिलीवर १५ ते २०, दुसरीवर २१, २३, २७, २९, ३१, ३३, तिसरीवर ३७, ३९, ४१, ४३, ४७, ४९ भोकं. हिशोब एकच, ४० भागिले दाते. ३७ ला १ पूर्ण फेरी आणि ३७ च्या वर्तुळावर ३ भोकं पुढे. ४७ ला ४७ च्या वर्तुळावर ४० भोकं पुढे, पूर्ण फेरी नाहीच. सेक्टरचे हात (भोकं मोजून ठेवायच्या प्लेटवरच्या दोन पट्ट्या) लावताना पिन ज्या भोकात आहे ते धरायचं नाही, ४० अंतरं मोजायची, म्हणजे दोन हातांच्या मधे पिनच्या भोकासकट ४१ भोकं दिसली पाहिजेत. तीन-चार भोकं असतील तर डोळ्याने कळतं, ४० असतील तर हात नीट लावल्याशिवाय कामाला सुरुवातच करू नका.

हेडच्या तक्रारी. एक, प्लेटच्या भोकांच्या कडांना बर होती, पिन पूर्ण आत बसत नव्हती, मोठ्या ड्रिलने हाताने हलकं काउंटरसिंक केलं तेव्हा ठीक झालं. दोन, टेलस्टॉकची उंची हेडच्या सेंटरपेक्षा ०.०८ मिमी कमी निघाली, खाली शिम (पातळ पत्रा) घातली. तीन, वर्मला (हँडलने फिरणारा स्क्रूसारखा गिअर) प्ले (ढिलाई) जरा जास्तच होता, तो ॲडजस्ट करता येतो, पण ॲडजस्ट केला तरी हँडल नेहमी एकाच दिशेने फिरवायचं, भोक पुढे गेलं तर अर्धी फेरी मागे येऊन परत त्याच दिशेने यायचं. आणि प्रत्येक कटच्या आधी स्पिंडल लॉक, नंतर मोकळा. वजन चांगलं आहे, कास्टिंग साफ आहे, लॉक घट्ट लागतो, ह्या गोष्टी मला आवडल्या.

कापायच्या आधी एक फेरी कोरडी मारा. कटर चकतीला नुसता टेकवून बारीक रेघ उमटवा, इंडेक्स करा, परत रेघ, असं पूर्ण वर्तुळ फिरून या आणि शेवटची रेघ पहिल्या रेघेवर बरोबर येते का बघा, मग रेघा मोजा. वेळ जातो पण चकती वाचते. मी हे करत असताना शेजारचे एक अण्णा दारात येऊन "हाई काय शे भो?" म्हणून विचारत उभे राहिले आणि मग स्टूल घेऊन बसले ते गिअर पूर्ण होईपर्यंत, सगळ्या रेघा त्यांनीच मोजल्या.

सेंटरिंग व्हर्टिकल मशीनवर असं, कटरची खालची बाजू चकतीच्या माथ्याला टेकवा, मग चकतीच्या व्यासाचं निम्मं अधिक कटरच्या जाडीचं निम्मं एवढं खाली उतरा. ९८ ची चकती आणि ६ मिमी जाडीचा कटर असेल तर ४९ अधिक ३ म्हणजे ५२ मिमी. चकतीचा खरा व्यास मोजून घाला, कागदावरचा नको. इथे चुकलं तर दाते एका बाजूला कललेले येतात, गिअर एका दिशेने गोड चालतो आणि दुसऱ्या दिशेने खडखडतो.

खोली डायलवर ४.५ मोजून थांबायचं नाही, दाता मोजून थांबायचं. ह्याला परत तेच दाते धरून मोजायचं माप. २० अंशाच्या गिअरला हिशोब असा, किती दाते धरायचे ते दात्यांना ९ ने भागून त्यात अर्धा मिळवला की कळतं, ४७ ला ५.७ म्हणजे ६ दाते, ३७ ला ४.६ म्हणजे ५ दाते. माप म्हणजे, धरलेल्या दात्यांतून अर्धा वजा करून २.९५२१ ने गुणा, त्यात गिअरचे एकूण दाते गुणिले ०.०१४ मिळवा, आणि सगळ्याला मॉड्युलने गुणा. ४७ ला साडेपाच गुणिले २.९५२१ म्हणजे १६.२३७, अधिक ०.६५८, झाले १६.८९५, गुणिले २ म्हणजे ३३.७९ मिमी. ३७ ला तसंच २७.६१ येतं. हे प्ले नसलेलं माप आहे, बदली गिअरला थोडी सैलाई पाहिजे म्हणून मी ३३.७२ धरलं.

पहिली फेरी ४.२ खोलीवर मारली, ६ दाते धरून मोजलं तर ३४.०० च्या जवळपास. अजून किती खोल जायचं त्याचा हिशोब, राहिलेला फरक भागिले ०.६८४, म्हणजे ०.२८ भागिले ०.६८४, ०.४ मिमी. एकूण खोली ४.६ झाली. ०.६८४ हा आकडा म्हणजे २० अंशाच्या साइनची दुप्पट. आणि मोजायच्या आधी चकती थंड होऊ द्या, मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधे आधीच सगळं तापलेलं असतं, त्यात कापून गरम झालेला गिअर मोजला तर माप मोठं दिसतं आणि आपण उगाच जास्त खोल जातो. ०.०२ चा साधा व्हर्निअर ह्या कामाला पुरला, डिस्क मायक्रोमीटर असेल तर अजून चांगलं.

चावीचा गाळा बाहेरून स्लॉटिंग मशीनवर करून घेतला. गिअर बसवले आणि लेथ चालू केला, आवाज जुन्या गिअरसारखाच, कुठे अडकणं नाही. स्पिंडलपासून पहिला स्टड १ ला १ असेल आणि लीडस्क्रू ४ टीपीआय असेल तर जोडणी फार सुटसुटीत होते, ३७ चालवणारा, ४७ चालणारा, दुसऱ्या जोडीत चालणारा कायम ८० दात्यांचा, आणि चालवणाऱ्याचे दाते म्हणजे पाहिजे तो पिच गुणिले १६. पिच १.२५ ला २०, १.५ ला २४, १.७५ ला २८, २ ला ३२, २.५ ला ४०. एवढं साधं निघेल असं कागदावर मांडल्याशिवाय वाटतच नाही, मी हा तक्ता लेथच्या झाकणाच्या आतून पेंटने लिहून ठेवलाय. १.५ पिचचे आटे पाडले, बाजारातला नट शेवटपर्यंत हाताने फिरत गेला. फक्त एक लक्षात ठेवा, इंचाच्या लीडस्क्रूवर मिमीचे आटे पाडताना हाफनट (लीडस्क्रूला पकडणारा उघडझाप होणारा नट) मधे उघडायचा नाही, आटा पूर्ण होईपर्यंत मोटार उलटी फिरवूनच मागे यायचं, थ्रेड डायल (हाफनट परत कधी लावायचा ते दाखवणारी) इथे उपयोगी पडत नाही.

ओळखीच्या एका रसवंतीवाल्या भाऊंनी हे बघून त्यांचा गिअर आणला. २० दाते, बाहेरून १३२, म्हणजे भागिले २२, मॉड्युल ६. खोली १३.५ मिमी. हे काम ह्या साइजच्या हेडचं पण नाही आणि घरच्या मशीनचं पण नाही, सगळं हलेल. त्यांना मापांचा कागद करून दिला, दात्यांचं स्पॅन माप (वर सांगितलेलं, काही दाते धरून घ्यायचं) पण लिहून दिलं, आणि जॉबवर्कला पाठवलं. तिथे तुटक्या दात्यांच्या सॅम्पलसोबत आकडे पण असले की काम करणाऱ्यालाही बरं पडतं.

मार्क द्यायचे तर कटर सेटला ५ पैकी साडेचार, अर्धा त्या चुकीच्या तक्त्याचा कापला. डिव्हायडिंग हेडला साडेतीन, बर काढायला आणि शिम घालायला तयार असाल तर ४ समजा. ज्याच्याकडे लेथ आणि छोटी मिलिंग आहे आणि जुन्या मशीनचे बदली गिअर करायचेत त्याने बिनधास्त घ्यावं. एखादाच गिअर पाहिजे आणि सॅम्पल हातात आहे तर जळगाव, धुळे नाहीतर नाशिकला जॉबवर्कला द्या, स्वस्त पडेल. ऑर्डर टाकताना विकणाऱ्याला तीन गोष्टी लेखी विचारा, कटरवर दात्यांची रेंज कोरलेली आहे का, भोक २२ आहे की २७, आणि हेडसोबत तिन्ही प्लेट येतात का, कारण एकच प्लेट पाठवून बाकीच्या वेगळ्या विकणारे पण आहेत आणि ३७-४७ वाली प्लेट तिसरी असते.